पाण्याचं पोमेड निवडताना: दोन डबे, एक डोकं

जेलने केस काड्यांसारखे होतात, तेलाने चप्प बसतात आणि वॅक्स दोनदा शाम्पू केला तरी निघत नाही. या तक्रारींना कंटाळलेला माणूस शेवटी वॉटर-बेस्ड पोमेडपाशी, म्हणजे केस बसवायच्या पाण्यात विरघळणाऱ्या मलमापाशी, येतो आणि तिथे नव्याने गोंधळतो. ऑनलाइन दुकानात एकाखाली एक डबे, सगळ्यांवर ‘स्ट्राँग होल्ड’, सगळ्यांना साडेचार तारे. किमती मात्र दोनशेपासून दोन हजारांपर्यंत.

हा गोंधळ मीही केलेला आहे, म्हणून आधीच सांगतो: डब्यावरचे शब्द एकमेकांशी ताडून काही कळत नाही. होल्ड, म्हणजे पकड, किती, हे छापायला कंपन्यांना कुठलंच एक माप पाळावं लागत नाही. एकीचं ‘मीडियम’ दुसरीच्या ‘स्ट्राँग’पेक्षा घट्ट निघतं. तुलना करायची ती आपल्या केसांवर, आपल्या गावच्या हवेत आणि रोजचं हेल्मेट घालून. ती कशी करायची, ते खाली क्रमाने दिलंय.

आधी हे जमवा

- दोन वेगवेगळी वॉटर-बेस्ड पोमेड. शक्यतो छोटे डबे किंवा सॅम्पल. पूर्ण आकाराचा डबा पहिल्याच फटक्यात घेऊ नका.
- दोन कंगवे: एक रुंद दातांचा, एक बारीक.
- पाण्याची फवाऱ्याची बाटली. इस्त्रीला वापरतात तीही चालेल.
- साधा शाम्पू आणि टॉवेल.
- फोनचा कॅमेरा.
- हेअर ड्रायर असेल तर उत्तम. फक्त भांग पाडून केस चापून बसवायचे असतील तर नसला तरी अडत नाही. कोंबडा काढायचा असेल तर मात्र लागेलच.

१. डबा खरंच पाण्याचा आहे का, ते बघा

नावावर जाऊ नका. आपल्याकडे ‘हेअर वॅक्स’ म्हणून विकले जाणारे बरेच डबे आतून वॉटर-बेस्ड पोमेडच असतात, आणि ‘पोमेड’ लिहिलेला डबा निव्वळ पेट्रोलियम जेलीचाही असू शकतो. अमेरिकेत १९२५ पासून विकलं जाणारं मरेज सुपिरियर हे त्याचं अस्सल उदाहरण. पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच), खनिज तेल आणि वास, एवढ्यावर त्याचं काम भागतं. ते वाईट नाही. पण रात्री डोकं धुवायला बसलात की कळतं काय विकत घेतलंय ते.

घटकांची यादी उतरत्या प्रमाणात छापलेली असते, म्हणजे जे जास्त ते आधी. पहिला शब्द ‘वॉटर’ किंवा ‘अ‍ॅक्वा’ असेल आणि लगेच मागे ‘सेटीअरेथ-२५’सारखं, तेल आणि पाणी एकत्र धरणारं, काही आलं, तर डबा पाण्यात विरघळणारा. सुरुवातच पेट्रोलॅटम किंवा मिनरल ऑइलने असेल तर तेलाचा.

‘पाणी’ हा शब्द दिसला म्हणून लगेच हुरळू नका. १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेलं ब्रिलक्रीम आपल्याकडच्या कित्येक आजोबांच्या आरशासमोर असायचं. त्यातही पाणी आहे, पण ते खनिज तेलात आणि मधमाश्यांच्या मेणात कोंडलेलं. धुताना ते तेलासारखंच वागतं.

यादी वाचायचा कंटाळा असेल तर नळाखाली परीक्षा घ्या. तर्जनीच्या पेरावर थोडं पोमेड घ्या आणि वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने चोळा. पाण्याचं असेल तर आधी बुळबुळीत होतं, मग दुधट होऊन उतरतं आणि बोटं करकरीत लागतात. तेलाचं असेल तर पाण्याचे थेंब वरून घरंगळतात आणि टॉवेलने पुसलं तरी पेर मेणचट राहतं. काही डबे मधलेच निघतात: पाणी दुधट होतं, बरंचसं उतरतं, पण हलका तेलकट थर उरतो. त्यांच्याबद्दल पुढच्याच मुद्द्यात.

२. पाण्याच्या डब्यांतल्या दोन जाती ओळखा

नवख्या माणसाचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात.

पहिली जात जेलच्या जवळची. यात केस धरून ठेवायचं काम पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचं रसायन, करतं. यादीत ते ‘पीव्हीपी’ किंवा ‘व्हीपी/व्हीए कोपॉलिमर’ या नावाने दिसेल. डबा उघडल्यावर आत पारदर्शक, बहुधा मधाच्या किंवा कोलाच्या रंगाचा थलथलीत पदार्थ असतो. लावताना तो ओलसर, लवचीक असतो. पाणी उडालं की केसांवर पातळ पापुद्रा धरतो आणि त्यानेच केस जागेवर राहतात. दुपारी कंगवा फिरवायचा तर आधी केस ओले करायचे. कोरड्यावर फिरवलात तर पापुद्रा तुटून पांढरी भुकटी खांद्यावर पडते आणि समोरचा म्हणतो, कोंडा झालाय. ओला कंगवा फिरवला की तोच पापुद्रा पुन्हा मऊ होतो, केस पुन्हा बसतात. नवीन पोमेड लावावं लागत नाही.

दुसऱ्या जातीत तेल, मेण, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) वगैरे इमल्सिफायरच्या, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या घटकाच्या, मदतीने पाण्यात मिसळलेलं असतं. डबा अपारदर्शक, लोण्यासारखा किंवा घट्ट साईसारखा. हे कडक होत नाही. दिवसभर कधीही कोरडा कंगवा फिरवता येतो. तेलाच्या पोमेडचा लवचीकपणा यात बराचसा मिळतो आणि शाम्पूने एका धुण्यात निघतं, नुसत्या पाण्याने मात्र पूर्ण निघत नाही. पकड बहुधा पहिल्या जातीपेक्षा सैल.

एका जातीच्या डब्याची दुसऱ्या जातीच्या डब्याशी तुलना करून ‘हा भारी, तो फालतू’ असा निकाल देऊ नका. आधी जात ठरवा, मग त्या जातीतले दोन डबे घ्या. माझं मत विचाराल तर सकाळी विंचरलेले केस संध्याकाळपर्यंत तसेच हवे असतील तर पहिली जात, दिवसातून चारदा हात आणि कंगवा फिरवायची सवय असेल तर दुसरी.

३. पकड आणि चकाकी वेगवेगळी धरा

चकाकी जास्त म्हणजे पकड जास्त, असं उगाच डोक्यात बसलेलं असतं. दोन्हींचा तसा काही संबंध नाही. माती घातलेली उत्पादनं, म्हणजे केओलिन किंवा बेंटोनाइटवाली ‘क्ले’, मॅट दिसतात आणि तरी केस जाम धरतात. उलट काही चकचकीत पोमेड दुपारपर्यंतही टिकत नाहीत.

बारीक, विरळ केसांवर जास्त चकाकी टाळा. केस एकमेकांना चिकटून त्यांचे झुपके होतात आणि मधून टाळू दिसायला लागते. अशांनी कमी चकाकीचं पोमेड, तेही अगदी थोडं, कोरड्या केसांना लावावं. दाट, राठ केसांना मजबूत पकड लागते. हलकं पोमेड तिथे नुसतं वंगण होऊन बसतं. कुरळ्या केसांना दुसरी जात बरी मानवते, कारण कोरड्या पापुद्र्यातून कंगवा ओढला की कुरळे केस तुटतात.

डोक्यावर भोवरा असेल तर पकड ठरवताना तोच कसोटीला धरा. समोरचे केस कशानेही बसतात. भोवऱ्यापाशी ताठ उभी राहणारी बट दुपारी कुठे आहे, ते बघा.

४. हवा आणि हेल्मेट हिशेबात घ्या

अमेरिकेतल्या कोरड्या गावात बसलेल्या माणसाने ज्या डब्याला पाच तारे दिले, तो जुलैत दादरला अकरा वाजेपर्यंत मान टाकतो. त्याचं कारण रसायनात आहे. पीव्हीपी हवेतली वाफ शोषतं. दमट हवेत त्याचा पापुद्रा मऊ, चिकट होतो आणि पकड सुटते. ग्लिसरीनही ओलावा ओढतं. शिवाय ड्रायरने केसांना दिलेला आकारच मुळी ओलाव्याने मोडतो, कारण तो केसांतल्या ज्या तात्पुरत्या बंधांवर उभा असतो ते पाण्याने सुटतात. म्हणून मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यासाठी घेताना यादीत नुसत्या पीव्हीपीऐवजी व्हीपी/व्हीए कोपॉलिमर असलेला डबा शोधा. ते ओलावा कमी धरतं. नाहीतर त्या चार महिन्यांसाठी सरळ तेल-मेणाच्या दुसऱ्या जातीवर या.

विदर्भात मे महिन्यात नेमकं उलटं होतं. हवा इतकी कोरडी की पापुद्रा ठिसूळ होतो आणि भुकटी पडते. तिथे ग्लिसरीन असलेलं, मध्यम पकडीचं पोमेड ओलसर केसांना लावलं तर निभावतं. परदेशात हिवाळाभर हीटर लावलेल्या घरात राहणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि हेल्मेट. त्याचा उल्लेख कुठल्याच डब्यावर नसतो. हेल्मेटखाली घाम, उष्णता आणि दाब तिन्ही एकदम असतात. त्यातून कोंबडा शाबूत ठेवणारं पोमेड मला तरी माहीत नाही. पहिली जात वापरत असाल तर घरून पोमेड लावून निघा, ऑफिसच्या बेसिनवर कंगवा ओला करा आणि दोन मिनिटांत केस पुन्हा बसवा. पाण्याच्या पोमेडची खरी मजा हीच आहे. दुसरी जात असेल तर घरी काहीच लावू नका, छोटी डबी बॅगेत टाका आणि पोचल्यावर लावा. हेल्मेटच्या आत सुती टोपी किंवा रुमाल बांधत असाल तर उत्तमच, आतलं अस्तर चिकट होत नाही.

५. कुठले डबे शेजारी ठेवायचे

बाजारात नावं खूप आहेत. जी तुलनेला सोयीची, तेवढीच सांगतो.

हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या स्कोरेम या सलूनवाल्यांचं ‘रूझल’ शिकायला चांगलं, कारण डब्याचा रंगच जात सांगतो. निळा आणि लाल पाण्यात विरघळणारे: निळ्याची पकड मजबूत, लालची मध्यम, चकाकी दोन्हींना भरपूर. हिरवा आणि गुलाबी तेलाचे. एकाच कंपनीचे निळा आणि लाल घेतले की ‘मध्यम’ आणि ‘मजबूत’ यांत बोटांना काय फरक लागतो तो नीट कळतो. पस्तीस ग्रॅमची छोटी डबीही येते, सुरुवातीला तीच घ्या. ऑनलाइन घाईघाईत हिरवा मागवून ‘पाण्याने निघतच नाही’ म्हणून वैतागू नका.

कॅलिफोर्नियातलं ‘स्वावेसितो’ही असंच जोडीत मिळतं, ओरिजिनल आणि फिर्मे. फिर्मे जास्त घट्ट. पहिल्या जातीचा नमुना म्हणून ही जोडी दाखवता येईल: सुकतं, धरतं, ओल्या कंगव्याने पुन्हा जागं होतं. ‘लेराइट’ही तिकडचंच, कोस्टा मेसाच्या एका बार्बरशॉपमधून आलेलं. ओरिजिनलची पकड मध्यम, सुपरहोल्डची जास्त, वास क्रीम सोड्यासारखा गोडसर. गोड वास डोक्यावर दिवसभर सहन होतो का, हे डबा घेण्याआधी ठरवा. काहींना दुपारपर्यंत मळमळतं.

‘अमेरिकन क्रू’चं पोमेड मध्यम पकडीचं आणि चकचकीत, तर त्यांचंच ‘फायबर’ घट्ट आणि कमी चकाकीचं. आपल्याकडच्या मोठ्या सलूनमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. तिथे ओळख असेल तर कारागिराला म्हणा, कटिंग झाल्यावर अर्ध्या डोक्याला एक लावा, अर्ध्याला दुसरं. हसेल, पण लावेल.

देशी कंपन्यांचे डबे नावाने ‘वॅक्स’ असले तरी पहिल्या मुद्द्यातली नळाची परीक्षा घेऊन जात ठरवा आणि त्याच जातीच्या परदेशी डब्यासमोर ठेवा. किंमत डब्याची बघू नका, ग्रॅमची बघा. ५० ग्रॅमचा स्वस्त वाटणारा डबा आणि ११३ ग्रॅमचा महाग वाटणारा डबा यांचा भागाकार केल्यावर पुष्कळदा चित्र पालटतं. त्यात पुन्हा एका वेळेला किती लागतं, ते मोजा. निम्म्यात काम करणारं पोमेड दीडपट महाग असलं तरी शेवटी स्वस्तच पडतं.

६. अर्ध्या डोक्याची चाचणी

एक दिवस एक डबा, दुसऱ्या दिवशी दुसरा, अशी तुलना फसते. मधल्या काळात हवा बदलते, शाम्पूला किती तास झाले ते बदलतं, आपला मूडही बदलतो. दोन्ही डबे एकाच दिवशी, एकाच डोक्यावर लावा. सुट्टीचा दिवस धरा, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

त्याच्याही आधी, नवीन डबा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा. खाज किंवा पुरळ आलं तर तो डबा बाद. वास आणि प्रोपिलीन ग्लायकॉल काहींना सोसत नाहीत.

चाचणीच्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि कंडिशनर लावू नका. आदल्या रात्री खोबरेल चोपडलं असेल तर ते पूर्ण निघालंय याची खात्री करा. तेल लागलेल्या केसावर पाण्याचं पोमेड धरतच नाही, आणि चांगल्या डब्याला उगीच नापास केलं जातं.

टॉवेलने टिपून केस ओलसर ठेवा. मधोमध भांग पाडा. हरभऱ्याच्या दाण्याएवढं पहिलं पोमेड डाव्या बाजूला, तेवढंच दुसरं उजव्या बाजूला. कुठल्या बाजूला कुठलं, ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. दुपारी हमखास विसरायला होतं. मग फोटो काढा: लावल्यावर लगेच, दोन तासांनी, दुपारी घराबाहेर एक चक्कर मारून आल्यावर आणि संध्याकाळी. गाडी रोज चालवत असाल तर ती चक्कर हेल्मेट घालूनच मारा.

प्रत्येक वेळी एवढंच तपासा:

- भोवऱ्याची आणि कपाळावरची बट हलली का?
- तळहात केसांवरून फिरवला तर चिकटतो, सरकतो की टोचतं?
- ओला कंगवा फिरवल्यावर केस पुन्हा बसतात का?
- काळ्या टी-शर्टवर भुकटी पडली का?
- रात्री धुताना कुठली बाजू आधी मोकळी झाली?

पुढच्या सुट्टीला बाजू बदलून हेच पुन्हा करा. आपण कुठल्या कुशीवर झोपतो, भोवरा कुठल्या बाजूला वळतो, याने दोन्ही बाजू मुळातच सारख्या वागत नाहीत.

७. लावायची रीत

डबा निवडण्याइतकंच हेही महत्त्वाचं. अर्ध्याअधिक तक्रारी इथून येतात.

बोट कोरडं हवं. ओलं बोट डब्यात घातलं की आत पाणी जातं आणि डबा नासायचा धोका वाढतो. नखाच्या मागच्या बाजूने खरवडून घ्या, बोट खुपसून गोळा काढू नका.

तळहातांवर पूर्ण पसरेपर्यंत चोळा. गुठळी राहिली तर ती केसांतही गुठळीच राहते. घट्ट असेल तर पाण्याचे दोन थेंब टाका.

सुरुवात डोक्याच्या मागून करा, कपाळावर शेवटी या. सगळे उलटं करतात: पहिला हात कपाळावर, तिथेच सगळं पोमेड, आणि मागे काहीच नाही. बोटं मुळांपर्यंत न्या. वरवर चोपडलं तर वरचा थर चमकतो आणि खालचे केस मोकळे उठतात.

ओलसर केसांना लावलं की पसरतं छान आणि चकाकी जास्त येते. कोरड्यांना लावलं की पकड जास्त, चकाकी कमी. कोंबडा काढायचा असेल तर आधी ड्रायरने मुळांपासून केस उचलून आकार द्या, पोमेड नंतर. पोमेड आकार टिकवतं, उंची देत नाही.

शेवटी रुंद कंगवा, मग बारीक. कपाळावर आलेलं पोमेड ओल्या कपड्याने पुसून घ्या. केसांच्या कडेने पुटकुळ्या येतात त्या यानेच. तेलाच्या पोमेडने हा त्रास जास्त होतो, पण पाण्याच्याही साचू द्यायचं कारण नाही.

८. धुणं

पहिल्या जातीचं असेल तर आधी नुसत्या कोमट पाण्याने मिनिटभर धुवा, बोटांनी सोडवा. रोज शाम्पू लागत नाही. कोरडे, पापुद्रा धरलेले केस झोपण्याआधी विंचरू नका, आधी भिजवा. ‘पोमेडने केस गळतात’ म्हणणाऱ्यांचे केस बरेचदा या ओढाताणीत तुटलेले असतात. आठवड्यातून एक-दोनदा शाम्पू मात्र हवाच, कारण पॉलिक्वाटर्नियमसारखे काही घटक केसांवर साचत जातात आणि मग कितीही चांगलं पोमेड लावा, केस जडच वाटतात.

९. डबा घेताना

परदेशी डबा भारतात रीतसर आला असेल तर त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणीचा क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि बॅच क्रमांक असतो. यांपैकी काहीच नसेल आणि भाव निम्मा असेल तर नकली किंवा मुदत संपलेला माल असण्याची शक्यता धरा. उघड्या डबीचं चिन्ह आणि आत ‘१२ एम’ लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने वापरायचं. झाकण घट्ट लावा. सैल राहिलं की पाणी उडतं, पोमेड कडेने आकसतं आणि रबरासारखं होतं.

कुणी नातेवाईक तिकडून आणणार असेल तर त्यांना आधीच सांगा: डबा मोठ्या बॅगेत टाका. विमानाच्या सुरक्षा तपासणीत पोमेड जेलमध्ये धरलं जातं, बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरची मर्यादा असते, आणि नेहमीचा ११३ ग्रॅमचा डबा नेमका त्याच्या वर जातो.